मुदत संपलेली चिठ्ठी

कंडक्टरच्या नोकरीत मी सगळ्यात आधी काय शिकले असेन तर पाणी न पिणं. तिकीट कसं द्यायचं, मशीन कसं चालवायचं, सुट्या पैशावरून कुणी अंगावर आलं तर काय बोलायचं, हे ट्रेनिंगमध्ये सांगतात. पाण्याचं तिथं कुणी सांगत नाही. ते मला माझ्याआधी लागलेल्या एका बाईनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं. "घरनं निघताना घोटभर, मग दुपारी गाडी लागल्यावर. मधी बाटलीला हात लावायचा न्हाय." मला वाटलं, नवीन आहे म्हणून चेष्टा करतीय.

धाराशिव ते येरमाळा, तिथून कळंब, आणि परत. दिवसाला दोन फेऱ्या, कधी तीन. वाटेतल्या स्टँडवर बायकांच्या मुतारीला एक तर कुलूप असायचं, नाहीतर आत पाय ठेवायची सोय नसायची. कुलपाची किल्ली मागायला गेलं की किल्ली ज्याच्याकडं असेल तो जेवायला गेलेला असायचा. ड्रायव्हरचं तसं नव्हतं. त्याला लागली की रस्त्याकडेची बाभूळ बघून तो गाडी उभी करायचा, त्याच्यामागं दहा-बारा पुरुष उतरायचे, आणि सगळे परत चढेपर्यंत मी डबल बेल द्यायला दारात उभी. कुणी कधी कुरकुर केली नाही. मी एकदा अशी गाडी थांबवली असती तर? खिडक्याखिडक्यांतून माना बाहेर आल्या असत्या, कंडक्टरीण कुठं गेली बघायला. म्हणून मी धरून बसायचे. सहा-सहा, सात-सात तास. माणसाला कशाचीही सवय होते, लघवी धरून ठेवायचीसुद्धा होते, पण आतल्या पिशवीला होत नाही.

येरमाळ्याच्या चैत्रातल्या यात्रेला जादा गाड्या सुटतात. त्या वर्षी यात्रेची ड्युटी मला लागली. उन्हात उभं राहून माणसं कोंबायची, उतरवायची, पुन्हा कोंबायची. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला आणि लघवीला बसलं की डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासून औषध दिलं, बरं वाटलं. महिन्यात पुन्हा तेच. मग पुन्हा. चौथ्या वेळेला डॉक्टर म्हणाले, "हे सारखंच होतंय. आता रोज झोपताना एक गोळी घ्या, तीन महिने. मग मला दाखवा." आणि उठता उठता सांगितलं, "लघवी गडद होईल, तपकिरी दिसेल. घाबरायचं नाही. गोळीचाच रंग आहे तो."

पिवळी कॅप्सूल होती. तिचं नाव मी इथं लिहीत नाही. ज्यांना तिची खरी गरज आहे त्यांनी माझं वाचून डॉक्टरांना न विचारता ती बंद करावी असं मला वाटत नाही. गोळीनं तिचं काम चोख केलं. ताप गेला, आग गेली, मी पुन्हा तीन-तीन फेऱ्या मारायला लागले. इतकं बरं वाटत असताना डॉक्टरकडं परत कोण जाणार? तीन महिने संपले तेव्हा सोयाबीनची काढणी होती, मग दिवाळीचा सीझन, मग लग्नसराई. येरमाळ्याचा मेडिकलवाला चिठ्ठी बघून गोळ्या द्यायचा. घडीवर फाटून चिठ्ठीचे दोन तुकडे व्हायला आले तेव्हा मी ती झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेट करून घेतली. पुढंपुढं तर तो चिठ्ठीही मागेना. नवराच पंधरा दिवसांनी जाऊन पाकीट घेऊन यायचा.

एक दिवस उलटलेला पास माझ्या नजरेतून सुटत नाही. कॉलेजची पोरं अंगठ्याखाली तारीख झाकून पास दाखवतात, मी अंगठा बाजूला सारते आणि उतरवते. हसत हसत उतरवते. आणि तीन महिन्यांच्या चिठ्ठीवर मी स्वतः चार वर्षं प्रवास केला.

चौथ्या वर्षी आषाढात अंग गळून जायला लागलं. जेवणावरची वासना उडाली. फोडणीचा वास आला तरी पोटात ढवळायचं. लघवी चहासारखी व्हायची, पण ती तर चार वर्षं तपकिरीच होती! गोळीचाच रंग तो. दुसऱ्या कुठल्या बाईनं पहिल्या आठवड्यात ओळखलं असतं ते मला महिनाभर कळलं नाही. शेवटी एका म्हातारीनं गाडीत तिकीट घेता घेता माझ्या तोंडाकडं बघून सांगितलं, "आगं लेकी, तुजं डोळं हळदीवाणी झाल्यात की."

आता घरातलं सांगायला हवं, कारण खरं दुखणं तिथंच आहे. घरात नवरा, मी आणि मोठे दीर. सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही दादाच म्हणते. जाऊबाई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्यांच्या पोरी सासरी, माझा मुलगा शिकायला बाहेर. दादा माझ्याशी थेट बोलत नाहीत. मी दोन हातांवर बसलेली असले तरी नवऱ्याला सांगतात, "तिला म्हणावं, गाडीची येळ झाली." मीही नवऱ्याकडूनच उत्तर देते. खाकीवर ओढणी असते ती त्यांच्यासमोर डोक्यावर घ्यायची आणि गल्लीच्या वळणावर गेलं की खांद्यावर टाकायची, हा रोजचा शिरस्ता. पण अन्याय करून लिहायचं नाही. मला नोकरी लागली तेव्हा सासू, नवरा, भावकी सगळे नको म्हणत होते, आणि दादांनी एका वाक्यात विषय मिटवला होता, "सरकारी पगार हाय, जाऊ द्या." त्यांचे उपकार होते माझ्यावर. म्हणूनच त्यांच्यापुढं तोंड उघडणं आणखी अवघड.

धाराशिवला डॉक्टरकडं जायचं ठरलं तेव्हा दादा निघालेच. आजारी माणसाबरोबर घरातलं मोठं माणूस जातं, ही आमच्याकडची रीत. डॉक्टरांच्या टेबलासमोर दादा खुर्चीत, मी स्टुलावर, नवरा वजनकाट्याशेजारी उभा. डॉक्टर तरुण होता, पण घाई करणारा नव्हता. डोळे बघितले, पोट दाबलं, रक्ताचे रिपोर्ट बघितले. चाळिसाच्या आत पाहिजे तो आकडा हजाराच्या पुढं गेलेला. म्हणाला, "नेहमीच्या काविळीच्या टेस्ट तर निगेटिव्ह आहेत. मग लिव्हरला सूज कशानं आली?" मग त्यानं एकेक विचारायला घेतलं. दारू? त्यावर तिघंही कसंनुसं हसलो. झाडपाला, काढा? नाही. "रोजची काही गोळी? बीपी, शुगर, थायरॉइड, कशाचीही. आठवून सांगा, महत्त्वाचं आहे."

मी नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं वजनकाट्याकडं बघितलं. दादा म्हणाले, "न्हाय सायेब. आमच्या घरात कुणालाच गोळीची सवय न्हाय."

"कायच न्हाय," नवरा म्हणाला. डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

मला तेव्हा माहीत नव्हतं, असं म्हणून मी सुटू शकले असते. ती गोळी लघवीची, लिव्हरशी तिचा काय संबंध, असं मी पुढं कितीतरी जणांना सांगितलं. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की डॉक्टरनं "कशाचीही" म्हटलं तेव्हा माझ्या मनात तीच गोळी आली. लगेच आली. पण ती सांगितली की पुढचा प्रश्न 'कशासाठी' हा येणार, आणि त्याचं उत्तर दादांसमोर द्यावं लागणार. लघवी हा शब्द. एवढाच. तोंडातून निघाला नाही. गाडीत पन्नास-साठ माणसांना मागं सरका म्हणून ओरडणारी बाई मी.

डॉक्टरनं आराम सांगितला, पंधरा दिवसांनी परत बोलावलं. परत जायच्या आत दादांनी कावीळ उतरवणारा माणूस शोधला. तेरखेड्याच्या पलीकडच्या एका वस्तीवर होता. त्यानं कसल्याशा मुळीचे तुकडे दोऱ्यात गाठी मारून गुंफले आणि ती माळ माझ्या डोक्यावर ठेवली. जशी कावीळ उतरेल तशी माळ लांबत जाईल, डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून पोटावर, पोटावरून पायापाशी येईल, म्हणाला. आणि माळ खरंच लांबली. मुळ्या वाळल्या की गाठी सैल पडतात, दोरा लांबतो; हे मला आता कळतं. त्या वेळी घरातले रोज सकाळी माळ कुठपर्यंत आली ते बघायचे आणि समाधानानं चहा प्यायचे. डॉक्टरकडं परत जायचं राहूनच गेलं. तेल बंद, हळद बंद, मीठ बंद. फुटाणे, उसाचा रस आणि त्या माणसाचा कडू काढा. आणि झोपताना, दादांची पाठ वळली की, पिवळी गोळी. पथ्य इतकं कडक पाळणाऱ्या बाईला ती एक गोळी बंद करावी असं वाटलं नाही. उलट मला भीती होती, या दुखण्यात लघवीचं दुखणं पुन्हा उठलं तर कुणाला सांगणार?

दोन महिने असे गेले. माळ नाभीच्या खाली आली आणि मी हाडांवर आले. बांगड्या हातातून गळायच्या. अंगाला खाज इतकी की मी ज्वारीचं झोडलेलं कणीस घेऊन पाठ खाजवायचे. पावलं सुजली. आरशात बघायचं मी सोडून दिलं होतं. शेवटी डेपोतल्या बायका घरी बघायला आल्या, त्यांनी नवऱ्याला झापलं आणि त्याच दिवशी जीप करून सोलापूरला हलवलं.

सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी आधी सगळ्यांना बाहेर काढलं. दादा म्हणाले, "आमी घरचीच हावोत." त्या म्हणाल्या, "म्हणूनच." दार लावून घेतलं आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली. "आता सांगा. पाळीची, लघवीची, झोपेची, वजन कमी करायची, बाहेरची, घरची. कुठली गोळी घेता?"

मी रडायलाच लागले. रडत रडत सांगितलं. त्यांनी विचारलं, "अजून घेताय?"

"कालच घेतली."

त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. मग सुईनं लिव्हरचा तुकडा काढून तपासायला पाठवला. तो रिपोर्ट आल्यावर त्यांनी मला नीट समजावलं. ही गोळी थोडे दिवस घेतली तर सहसा काही होत नाही, वर्षानुवर्षं घेतली की एखाद्याच्या लिव्हरला अशी सूज येते, आणि मग शरीर आपल्याच लिव्हरला परकं समजून त्याच्यावर तुटून पडतं. म्हणून अधूनमधून रक्त तपासायचं असतं. गोळी बंद झाली, स्टिरॉइड सुरू झालं. तोंड सुजून भोपळ्यासारखं झालं, पण आकडे उतरायला लागले. मी विचारलं, पूर्ण बरं होईल ना? त्या म्हणाल्या, "सूज जाईल. पण काही भाग आता निबर झालाय. तो परत मऊ होणार नाही." मी आणखी खोदून विचारलं, तेव्हा नाइलाजानं म्हणाल्या, "धाराशिवला विचारलं होतं तेव्हा गोळी थांबली असती तर एवढं झालं नसतं बहुतेक."

नवरा कॉटशेजारी मोसंबी सोलत होता. बाई गेल्यावर मी त्याला म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं. तुम्हीच आणून देत होता."

"व्हय."

"मग का नाही बोललात?"

"दादा हुते की." मग एक फोड माझ्या हातावर ठेवून म्हणाला, "आन तू तरी कुठं बोललीस?"

त्याचं बरोबर होतं. म्हणून तर मी ती फोड भिंतीवर फेकून मारली. शेजारच्या कॉटवरची बाई दचकून उठून बसली. मी सात जन्म मागून घेतलेला माणूस वजनकाट्याचा काटा बघत बसला आणि मी मेले असते तरी बघत बसला असता, हे मी त्याला तोंडावर सांगितलं. त्यानं फोड उचलली, पुसली आणि खिडकीत ठेवली.

घरी आल्यावर डेपोनं मला चौकशीच्या खिडकीत हलकं काम दिलं. खिडकीमागं मुतारी आहे, तिला पाणी आहे. हे मिळायला मला एवढं सगळं करावं लागलं! तीनेक महिन्यांनी एका रविवारी मी ओसरीवर मेथी निवडत होते. दादा बाजेवर बसले होते, नवरा अंगणात म्हशीला पाणी दाखवत होता. दादा त्याला म्हणाले, "तिला म्हणावं, भाईरचं पानी पिऊ नगं. त्यानंच कावीळ हुती."

मी मेथी खाली ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी सरळ बोलले. "बाहेरच्या पाण्यानं नाही झालं, दादा. पाणी न पिण्यानं झालं." आणि मग सगळं सांगितलं. धरून ठेवायचं, आगीचं, लघवीच्या गोळीचं, धाराशिवच्या डॉक्टरनं विचारलं तेव्हा मी का गप्प बसले ते. शब्द एकदा निघाला की निघतो. नवरा म्हशीच्या पलीकडं गेला.

दादा उठून आपल्या खोलीत गेले. मला वाटलं, झालं, आता जेवण बंद होणार. तर ते परत आले आणि हातातलं पाकीट सुपाच्या कडेला ठेवलं. पिवळ्या कॅप्सूल. माझ्याच.

"ही का?" त्यांनी विचारलं.

"हीच. तुम्हाला कशाला?"

"त्योच तरास. तीन वर्सं झाली. थेंब थेंब हुती." ते जमिनीकडं बघून बोलत होते. "ती हुती तवा ती आनायची दवा. आता ह्यो आनतो."

ह्यो म्हणजे माझा नवरा. एकाच दुकानातून, एकाच खेपेला, दोन पाकिटं. एक माझ्या उशीखाली, एक दादांच्या कपाटात. धाराशिवच्या त्या खोलीत डॉक्टर सोडून आम्ही तिघं होतो आणि तिघांनाही ती गोळी माहीत होती. लपवायला कुणी उरलंच नव्हतं.

मी नवऱ्याला हाक मारून म्हशीमागून बाहेर काढलं. तो काय म्हणाला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "त्यांनी सांगू नगं म्हणलं हुतं. तूबी सांगू नगं म्हणलीस. म्या दोगांचंबी ऐकलं." आणि हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर, देवाशपथ, आपण शब्द पाळल्याचा थोडा अभिमान होता.

दादांची गोळी त्या दिवशी मी उचलून ठेवली आणि त्याच आठवड्यात माझ्या तपासणीबरोबर त्यांना सोलापूरला नेलं. डॉक्टरीणबाईंनी आधी माझं बघितलं, मग त्यांच्याकडं वळून विचारलं, "बाबा, तुम्हाला काय त्रास?"

दादांनी फेटा सारखा केला. "मला काय न्हाय. हिच्यासंगं आलोय नुसता."

इतकं सगळं होऊन. माझ्याकडं बघून. माझे पिवळे डोळे, माझे सुजलेले पाय त्यांनी दोन महिने समोर बघितले होते. मी थांबले, म्हटलं, अजून बोलतील. ते भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. मग मी बोलले. "त्यांना लघवीचा त्रास आहे. थेंब थेंब होते. तीन वर्षं हीच गोळी घेतात." पाकीट टेबलावर ठेवलं.

त्यांचं रक्त तपासलं. लिव्हर अगदी चांगलं निघालं. गोळी बंद करून त्यांना लघवीच्या डॉक्टरकडं पाठवलं, त्यांचं प्रोस्टेटचं दुखणं होतं, साध्या औषधात आटोक्यात आलं. परतीच्या गाडीत ते दुसऱ्या सीटवर जाऊन बसले. तेव्हापासून नवऱ्यामार्फतसुद्धा ते मला निरोप पाठवत नाहीत. भावकीत सांगतात की नोकरीनं तिची जीभ लई सुटली. का सुटली ते सांगत नाहीत, कसं सांगतील?

लोक म्हणतात, निदान त्यांचं वेळेत कळलं, त्याचं तरी समाधान मान. मला नाही होत समाधान. त्या दोन महिन्यांत मी रोज झोपताना ती गोळी गिळत होते आणि तोंड मिटून पडले होते, तेव्हा बघायला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दादा सांगत होते, आमची सून लई गुणाची, कधी कशाची तक्रार न्हाय.